चारुदत्तचा पंक्तिप्रपंच

चारुदत्त कर्णिकनं आयुष्यभर ज्या कामाचा पगार घेतला, निवृत्तीनंतर त्याच कामाविरुद्ध युद्ध पुकारलं. कॅनडातल्या कनाटा या आमच्या उपनगरात, एका टेलिकॉम कंपनीत तो इंजिनिअर होता. इंटरनेटवरून माहितीची जी पॅकेट्स धावतात, त्यांतलं कोणतं आधी सोडायचं आणि कोणतं ताटकळत ठेवायचं, हे ठरवणारे प्रोग्रॅम तो लिहायचा. निवृत्त झाला आणि वर्षभरात म्हणू लागला, की सगळी पॅकेट्स समान आहेत आणि त्यांत भेद करणारा माणूस नीच आहे.

"मग तू कोण होतास?" मी विचारलं.

"नीच," तो अभिमानानं म्हणाला.

ही २०१७ सालची गोष्ट. नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना समान वागवायचे, नियम रद्द करायचे की नाहीत, यावरून अमेरिकेत रण माजलं होतं. कॅनडाचे नियम जागच्या जागी होते, त्यांना कोणी हातही लावत नव्हतं. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा आमचा चारू कनाटाच्या थंडीत पेटला.

मी त्याचा शेजारी, पेशानं डॉक्टर. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं एका शब्दात समजावलं, "पंक्तिप्रपंच!" पंगतीत ओळखीच्या पानावर तुपाची धार धरायची आणि परक्याच्या पानावर नुसता थेंब टाकायचा, हे आपल्याकडे पाप समजतात. "इंटरनेट कंपनी म्हणजे वाढपी," चारू म्हणाला. "त्यानं पान कोणाचं ते बघायचंच नाही. वाढायचं आणि पुढे सरकायचं."

हे मला पटलं. तेवढ्यावर थांबता तर तो चारू कसला? आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाला हा पठ्ठ्या डोळ्यांवर मफलर बांधून वाढायला उठला. मधुमेहवाल्या नंदनरावांच्या पानात चार जिलब्या पडल्या. "आता टाकून कशा द्यायच्या?" असं म्हणत त्यांनी त्या मोठ्या दुःखानं संपवल्या. मठ्ठा माझ्या मांडीवर आला. मी तणतणलो, तर म्हणतो, "सांडतानाही मी भेदभाव केलेला नाही." ते खरंच होतं, शेजारचे तिघंही भिजले होते.

घरी मात्र त्याच्या बायकोची, शोभावहिनींची, पंचाईत झाली. त्यांची आई, जयंतीबाई, सांगलीला राहायची. नव्वदी उलटलेली, कान पार गेलेले. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं समजून घ्यायची. त्यामुळे नुसता फोन कामाचा नाही, व्हिडिओच हवा. आणि व्हिडिओ सारखा अडकायचा. कारण बड्या कंपनीवर रुसून चारूनं एका चिमुकल्या कंपनीची संथ लाइन घेतली होती, आणि त्या लाइनवर तो स्वतः अमेरिकेतली वादावादी तीन स्क्रीनवर एकदम बघत बसायचा. एकावर नियमांच्या बाजूचे, दुसऱ्यावर विरोधातले, आणि तिसऱ्यावर मतदान व्हायचं ते रिकामं सभागृह. कोणी येऊन बसलं तर कळावं म्हणून.

"अहो, माझ्या कॉलला प्रायॉरिटी द्या ना," वहिनी म्हणाल्या. राउटरच्या सेटिंगमध्ये एक टिक मारायचा अवकाश होता.

"अगं, हाच तो पंक्तिप्रपंच! आज बायकोला दिली, उद्या कोणाला द्यायची?"

"उद्या कोणालाच नको. आईचं परवा पोटाचं ऑपरेशन आहे. या वयात पुढचं कोणी सांगावं? त्याआधी मला तिच्याशी धड बोलायचंय."

चारू वरमला. पण नियम तो नियम. त्यानं तोडगा काढला, की दुसऱ्याच दिवशी बेसमेंटमध्ये जाहीर सुनावणी घ्यायची. अध्यक्ष मी. दिवस नेमका तोच, ज्या दिवशी अमेरिकेत मतदान होतं. बायकोचं गाऱ्हाणं ऐकतानाही याचे तिन्ही स्क्रीन चालूच.

पहिली साक्ष त्यांच्या मुलीची, अनन्याची. ती किचनर शहरातून फोनवर होती. "बाबा, धिस इज इन्सेन. जस्ट अपग्रेड द प्लॅन!"

"अध्यक्षमहाराज, नोंद घ्या," चारू म्हणाला. "साक्षीदार बड्या कंपन्यांना सामील आहे."

मग वहिनी उठल्या. "मामंजींची हरकत नोंदवा, भावजी. त्यांचं म्हणणं, सूनबाईला आधी लाइन द्यावी."

"बाबा केव्हाच वारलेत!" चारू ओरडला.

"तिकडे अमेरिकेत मेलेल्या माणसांच्या नावानं हरकती आल्या, असं तुम्हीच सांगत होतात ना? तिकडच्या मेलेल्यांचं ऐकायचं आणि मामंजींचं नाही? हा पंक्तिप्रपंच नाही का?"

मी हरकत दाखल करून घेतली.

तेवढ्यात वहिनींचा टॅबलेट वाजला. सांगलीहून कॉल होता. चित्र आलं, हललं आणि अडकलं. "शोभे, तोंड उघडं टाकून काय बसलीस?" जयंतीबाईंचा तुटक आवाज आला. वहिनी बोलत होत्या, हातवारे करत होत्या, पण तिकडे काही पोचत नव्हतं. "काही समजत नाही बाई. राहू दे. पडते मी आता."

वहिनी चारूकडे वळल्या. आवाज अजिबात चढला नव्हता, त्यामुळे मलाच भीती वाटली.

"अहो, पंगतीचं एवढं सांगता. आपल्याकडे यजमान कधी जेवतो?"

"शेवटच्या पंगतीला," चारू सवयीनं बोलून गेला.

"मग घर तुमचं, लाइन तुमची, आणि पहिल्या पंगतीला तीन पानं मांडून कोण बसलंय?"

चारूनं तिन्ही स्क्रीनकडे एकदा पाहिलं. तो उठला. महिनोन्‌महिने ज्या मतदानाची वाट बघितली, ते तोंडावर आलं होतं, आणि त्यानं एकामागून एक तिन्ही स्क्रीन बंद केले. माझाही फोन काढून घेतला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

टॅबलेटवर सांगलीतली खोली लख्ख दिसायला लागली. "हां, आता दिसलीस," जयंतीबाई म्हणाल्या. "जावईबापू कुठायत? तू सरक बघू, आधी त्यांना बोलू दे."

जावयाचा मान! जगात कुठलेही नियम येवोत नाहीतर जावोत, हा पंक्तिप्रपंच कोणाच्या बापाला रद्द करता यायचा नाही. चारू पुढे झाला, त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "नाही आई. आज आधी ती."

त्याच्या झुपकेदार मिशांत ओठ दिसतात कुठे? "काय म्हणाले गं?" जयंतीबाईंनी विचारलं.

वहिनींनी एकेक शब्द सावकाश उच्चारला. "म्हणाले, आधी मी."

"मग बोल की."

वहिनींनी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. डोळे भरून आलेले, ओठ अर्धवट उघडे, चेहरा जागच्या जागी थिजलेला.

"पुन्हा अडकलं का गं?" जयंतीबाई म्हणाल्या.