एका हातानं वाचता येईल असं काही

"क्रिएटिनिन फार वाढलंय, बाई. दोन्ही किडन्या थकल्यात," लातूरचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझ्या मांडीवर विज्ञानाचं मासिक होतं आणि वाचत होते त्या पानात बोट अडकवलेलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनीनं तो गाळून बाहेर टाकायचा असतो. अहमदपूरच्या शाळेत किती पोरांकडून मी किडनीची आकृती काढून घेतली! स्वतःच्या पायावरची सूज मात्र उभं राहून शिकवण्यावर ढकलत राहिले.

बाहेर येऊन बाकावर बसले आणि खूप रडले. लाज वाटली नाही.

मग डायलिसिस सुरू झालं. रक्त बाहेर काढून मशीननं गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. लातुरात जागा रिकामी नव्हती, म्हणून सोमवार-गुरुवार अहमदपुराहून एसटीनं नांदेड. त्याआधी डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडली. सुया तिथंच टोचतात. चार तास तो हात हलवायचा नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर वाचायला जरूर न्या, पण एका हाताचा विचार करून न्या. मधोमध पिना मारलेलं, वहीएवढं मासिक सगळ्यात चांगलं. ते उघडलं की उघडं राहतं. मुलांसाठीची विज्ञान मासिकं तर फारच गोड. लहान लेख, मोठी अक्षरं, आणि कुठल्याही प्रश्नाला ती हसत नाहीत. शेतीच्या मासिकातला माती-पाण्याचा भाग वाचा, घरी शेत नसलं तरी. इंग्रजी मासिकांचा कागद गुळगुळीत. घसरून खाली गेली की सिस्टरांना हाका मारत बसा. जाडजूड दिवाळी अंक घरीच ठेवा.

आणि रविवारच्या पेपरची विज्ञान पुरवणी? माझी सगळ्यात लाडकी. पण एका हातानं पेपर उघडून बघा बरं! पहिल्या सोमवारी तो तोंडावर पडला आणि मी आतल्या आत धुसफुसत बसले.

"थांब गे बाई, इकडलं टोक मी धरते," उजवीकडच्या खुर्चीतून आवाज आला.

त्या रजियाआपा. वाटेवरच्या लोह्यात त्यांचं बांगड्यांचं दुकान. आपा डावखुऱ्या, म्हणून त्यांचा फिस्टुला उजव्या हातात आणि डावा मोकळा. माझा उजवा मोकळा. दोघींच्या मध्ये पेपर अस्सा पसरला.

"आमच्यात पेपर बांगड्या गुंडाळायला यायचा," आपा म्हणाल्या. "वाचायला कोण बसतंय!"

आता मात्र बसल्या. मी मोठ्यानं वाचायची, आपा अडवायच्या. चंद्र दिवसा का दिसतो? मुंग्या झोपतात का? कधी त्या उर्दू पेपर आणायच्या. तो उजवीकडून उघडतो, मग वाचायची पाळी त्यांची. फिस्टुलाच्या हातात घट्ट बांगडी चालत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या हातात बांगड्या भरलेल्या त्या बाईचा उजवा हात बिनबांगडीचा.

एका सोमवारी आपा आल्या नाहीत. त्यांच्या सुनेला फोन केला, तर ती रडकुंडीला आलेली. "अम्मी म्हणतात, बास झालं. मशीनला बांधून जगायचं न्हाई."

नांदेडच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "लागोपाठ डायलिसिस चुकलं तर पाणी छातीत चढतं. कसंही करून आणा त्यांना."

मी काय कप्पाळ सांगणार? धीराचं बोलून बोलून मलाच त्याचा वीट आला होता. बुधवारी पुन्हा फोन लावला. आपांनीच उचलला. श्वास ऐकू येत होता.

"आपा, पुरवणी तशीच पडलीय. माझ्याच्यानं उघडत न्हाई."

मग, "कायचं हाय त्यात?"

"ऑक्टोपसचं. तीन हृदयं असतात म्हणे त्याला."

"या अल्ला! तीन?" त्यांना धाप लागली. "अन् किडन्या किती?"

"ते आतल्या पानावर असंल. तुम्ही आल्याबिगर कसं कळंल?"

फोन ठेवला आणि देवापुढं जाऊन उभी राहिले. विज्ञानाची बाई असले म्हणून काय झालं.

गुरुवारी एसटी लोह्याच्या स्टँडात शिरली, तेव्हा खिडकीतून मान बाहेर काढून मी बघत होते. सुनेचा हात धरून आपा उभ्या होत्या. चेहरा सुजलेला, ओढणी घट्ट लपेटलेली. शेजारी बसल्या. नांदेड येईपर्यंत मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.

सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं. आपांनी डावा हात पुढं केला. "धर."

पुरवणी उघडली. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. किडनीचं अक्षरही नव्हतं. मी कानकोंडी झाले.

आपांनी डोळे मिटले होते. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी देतील. आणशील नं?"