नाकाला लावलेली चप्पल

हे मी आजवर कुणाकडे बोलले नाही. आमच्या ह्यांच्याकडेही नाही — आणि ह्यांच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या बाजारात समोर आलात तरी माझ्याकडे बघून तोंड फिरवणार नाही. फिरवायला हवं खरं तर.

पूर्णगडच्या रस्त्याला, कातळाच्या कडेला आमचं गाव. घरात आम्ही दोघी जावा, मी थोरली, संगीता धाकटी. आमचे हे दिवसभर बागेत. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, मुंबईला कामाला. गणपतीला आणि शिमग्याला घरी येणार. आंब्याच्या हंगामात आम्ही दोघी रस काढतो, ताटांत ओतून उन्हात साठं, म्हणजे आंबापोळ्या, वाळवतो, उरलेला रस परसातल्या चुलीवर मोठ्या कढईत आटवतो. सगळं काम उन्हात नाहीतर जाळापाशी. आणि बहुतेक उभ्यानं.

चाळिशी उलटली आणि संगीता पडायला लागली. आधी कपाळावर घाम, मग ओठ पांढरे, आणि मग सरळ खाली. पण कधी पडायची? बसून आंबे पुसताना नाही. टीव्हीसमोर तर कधीच नाही. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, साठं घालताना, चुलीपाशी, देवळात आरतीला ताटकळताना — उभ्या कामात बरोबर पडायची. आता तुम्हीच सांगा, मला काय वाटावं?

मला वाटलं, ढोंग. वाटलं तर वाटलं, ते पोटात ठेवलं असतं! पण माझ्या पोटात काही राहत नाही. दळणाला गेले की, एसटीच्या थांब्यावर, देवळाच्या पायरीवर, जिथे चार बायका भेटतील तिथे सांगायचे. आमच्या बाईसाहेबांना काम दिसलं की चक्कर येते म्हणून. तिच्या पडण्याची नक्कल करून दाखवायचे, डोळे वर करून, मान टाकून. बायका पोट धरून हसायच्या. नक्कल मला चांगली जमायची.

आणि ती चप्पल. आमच्याकडे कुणी बेशुद्ध पडलं की नाकाला चप्पल लावतात. फिट असो, चक्कर असो, आणखी काही असो. पहिल्यांदा ती पडली तेव्हा मीच धावले, पायातली काढली, लावली. थोड्या वेळात तिनं डोळे उघडले. झालं! गावात माझ्या चपलेचं नाव झालं. "थोरलीची चप्पल लावा गो, लगेच उठतंय बघा," असं म्हणायच्या बायका. आज कळतं, ती आडवी झाली की आपोआपच शुद्धीवर येत होती. चप्पल लावली काय, नाही लावली काय. पण मला मजा येत होती — हो, मजा. गरजेपेक्षा जरा जास्तच दाबून धरायचे. तळाला शेण असलं तरी पुसत नव्हते. ती उठायची, ओठांवरची माती पदरानं टिपायची, आणि मलाच विचारायची, "वयनी, मी परत पडली काय?" तिचा चेहरा शरमेनं एवढासा झालेला असायचा. मी मनात म्हणायचे, काय सोंग वठवते बाई!

इथवर असतं तर म्हटलं असतं, अडाणीपणा होता. पण इथवर नाही ना!

भावोजींनी फोनवर फारच लावून धरलं म्हणून मी तिला रत्नागिरीला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी तिच्या छातीला तारा चिकटवल्या, कमरेला एक छोटी डबी बांधली आणि सांगितलं, हे घालून घरी जा, रोजची कामं करा. दुसऱ्या दिवशी डबी अंगावर असतानाच ती खळ्यात पडली. मी चप्पल लावलीच.

डबी परत द्यायला आम्ही गेलो. तिला रक्त तपासायला आत नेलं आणि डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. साध्या मराठीत बोलले, शाळेतल्या मुलीलाही कळेल असं. म्हणाले, या पडतात तेव्हा यांचं हृदय काही सेकंद थांबतं. अगदी थांबतं. डबीत ते उमटलंय. सगळ्याच चक्करवाल्यांना लागत नाही, पण यांना पेसमेकर बसवावा असं माझं मत आहे. कॉलरच्या हाडाखाली छोटंसं यंत्र असतं, ठोका थांबला की ते ठोका देतं. त्यांना एकदम सांगून घाबरवू नका, मिस्टरांना लवकर घेऊन या. आणि तोवर त्यांना उन्हात, चुलीपाशी उभं करू नका.

कळलं मला. शब्दन् शब्द कळला.

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. दंडावरचा कापूस दाबून धरत म्हणाली, "काय म्हनले डॉक्टर?" मी म्हटलं, "काय नाय गो. अशक्तपणा. गोळ्या दिल्यात."

का? पैशाची अडचण नव्हती. तिच्याशी वैरही नव्हतं. मग का? सांगते, आणि सांगताना मला माझीच शिसारी येते. मी नक्कल केली होती म्हणून! दळणाच्या गिरणीत, थांब्यावर, देवळात, सगळीकडे जाऊन आता काय सांगणार होते? की मी हिच्या नाकावर शेणाची चप्पल दाबत होते तेव्हा हिचं हृदय बंद होतं? माझं नाक कापलं गेलं असतं. एवढंच. एका बाईच्या जिवापुढे माझं हे नाक.

मनाशी म्हटलं, शिमग्याला भावोजी आले की सांगू. ते आले. पालखी घरी आली, मी पुरणपोळ्या केल्या, त्यांना आग्रह करकरून वाढल्या. त्यांनी विचारलंही. मी म्हटलं, अशक्तपणा. ते निश्चिंत होऊन मुंबईला परत गेले.

मग हंगाम आला. त्या दिवशी रस आटवायचा होता. एरवी कढईपाशी आम्ही आळीपाळीनं उभ्या राहायचो. ती म्हणाली, "वयनी, आज बरा वाटत नाय, जरा तू बघशील?" शेजारणी आंबे निवडायला बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी डोळे वर केले, तीच नक्कल, आणि म्हटलं, "झाली सुरू?" त्या हसल्या. ती मुकाट्यानं जाऊन ढवळायला लागली.

आटलेला रस कसा असतो माहीत आहे? उडाला तर चिकटून बसतो, झटकला तरी जात नाही. ती पडली ती कढईच्या कडेवर. कढई कलंडली आणि उजवा हात कोपरापर्यंत रसानं माखला. शेजारणी ओरडत पाण्याकडे धावल्या.

आणि मी — हेच मला सांगायचं होतं, बाकी सगळं सांगत इथे यायचं टाळत होते — मी पायातली चप्पल काढली. तिच्या हाताची कातडी रसाखाली शिजत होती आणि मी तिच्या नाकाला चप्पल लावत होते. सगळं माहीत असताना. शेजारणीनं मला ढकलून तिच्या हातावर पाणी ओतलं, तेव्हा कुठे मी बाजूला झाले.

रत्नागिरीला नेलं तिला, तर डॉक्टर तेच भेटले. माझ्याकडे बघून म्हणाले, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? घरात सगळ्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवणारी मी — मी मान खाली घातली, पदर ओढून घेतला आणि म्हटलं, "आमाला खेड्यातल्या बायकांना काय कळतंय, डॉक्टर?" त्यांचा चेहरा उतरला. मीच नीट समजावून सांगायला हवं होतं, म्हणाले. त्या भल्या माणसानं माझी माफी मागितली. मी ती घेतली. थुंकावंसं वाटतं ना? मलाही वाटतं.

भावोजींनी तिला मुंबईला नेऊन पेसमेकर बसवला. तेव्हापासून ती एकदाही पडलेली नाही. आता आरतीला शेवटपर्यंत उभी असते, टाळ वाजवते. पदराखाली हाडापाशी छोटा उंचवटा आहे, पोरीबाळींना कौतुकानं दाखवते. आणि सांगते काय? आमच्या वयनीनं मला पहिली रत्नागिरीला नेली, म्हणून मी आज आहे. मी ऐकते. कधी कधी मानही डोलावते.

माझे गुडघे आता दुखतात, वाकवत नाही. देवळातून निघताना ती पुढे होते. चपलांच्या गर्दीतून माझ्या शोधते, त्या भाजलेल्या, चकचकीत कातडीच्या हातानं उचलते, पदरानं माती पुसते आणि माझ्या पायांपुढे सरळ मांडून ठेवते. "घाल, वयनी," म्हणते.

मी पाय पुढे करते.