सगळ्यात वाईट फोन

माझ्या दुकानात जुना मोबाइल घ्यायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, यातला सगळ्यात चांगला कुठला. लालबागच्या नाक्यावर मी इतकी वर्षं जुने फोन घेतो-विकतो, त्यात अपवाद एकच माणूस निघाला. तो काउंटरवर हात ठेवून म्हणायचा, "परबा, सगळ्यात वाईट दे."

पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करतोय. मी काच तडकलेला, बटण आत गेलेला, चार फोटो काढले की पोट भरणारा एक फोन पुढे सरकवला आणि दुप्पट भाव सांगितला. भाव सांगायचा तो समोरच्याने पाडावा म्हणून. हा "बरं" म्हणाला आणि पाकीट काढलं. घासाघीस न करता माल उचलणारं गिऱ्हाईक म्हणजे ताटावर बसून एक शब्द न बोलता उठून जाणारा पाहुणा. माझा असा अपमान कोणी केला नव्हता. मी त्याला थांबवलं, भाव स्वतःच निम्मा केला आणि वर चिडून विचारलं, की या डबड्याचं तू करणार काय.

सगळे त्याला फादर म्हणत. तो पाद्री नव्हता. घोडपदेवच्या चाळीत मोठ्या भावाच्या खोलीत राहायचा, लग्न केलेलं नव्हतं, आणि कंपनीतली चांगली नोकरी सोडून घरी बसून एकटाच ॲप बनवायचा. मूळचा वेंगुर्ल्याकडचा ख्रिस्ती. माझं गाव तिथून दोन खाड्या अलीकडे, त्यामुळे भांडताना आम्हाला भाषा शोधावी लागायची नाही. गाव माझं नावापुरतंच; चुलत्यांशी जमिनीवरून वाजल्यापासून मी तिकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

पोटासाठी तो काय वाटेल ते बनवायचा. दवाखान्यात नंबर लावायचं ॲप, खानावळीच्या डब्यांचं ॲप, माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर दुरुस्तीला आलेले फोन कुठे ठेवलेत ते सांगणारा प्रोग्रॅम. पण जीव अडकलेला होता तो प्रार्थनेच्या ॲपमध्ये. रोझरीची माळ, नऊ दिवसांची नोव्हेना, क्रूसाची वाट, मिस्साची मराठी गाणी. ती सगळी फुकट. म्हणून फादर.

वाईट फोनांचं कारण त्याने मला त्याच दिवशी सांगितलं. मुलगा नवा फोन घेतो तेव्हा जुना आईला देतो. म्हणजे आईचा फोन हा घरातला सगळ्यात म्हातारा फोन. आणि रोज संध्याकाळी माळ म्हणते ती आईच. रविवारी मिस्सा सुटली की हा चर्चबाहेर उभा राहून बायकांच्या हातातले फोन बघायचा. कोणाचा गुडघा दुखतो आणि कोणाच्या फोनची बॅटरी फुगली आहे, दोन्ही त्याला सारखंच ठाऊक. मग माझ्याकडे येऊन नेमका तसलाच फोन मागायचा.

त्याची तपासायची रीत बघायला माझी गिऱ्हाइकं थांबायची. स्टुलावर बसायचं, चष्मा काढून खिशात ठेवायचा, बोट पाण्याच्या ग्लासात बुडवायचं आणि मग ॲप उघडायचं. मासळी साफ करता करता माळ म्हणतात त्या, त्यांची बोटं कोरडी कुठून असणार, असं त्याचं म्हणणं. ओल्या बोटाने पान सरकलं नाही तर दोष बाईचा नाही, ॲपचा. आणि एकदा सुरू केलं की सुटका नाही. त्रेपन्न नमो मारिया, त्रेपन्न मणी, एकेक दाबत शेवटपर्यंत. मी म्हणायचो, पहिले दोन चालले म्हणजे बाकीचे चालणारच, हे काय मोजत बसतोस.

"बंद पडायचं ते एकावन्नाव्याला पडतं, परबा," तो म्हणायचा.

प्रार्थनेच्या मधे कोणी बोलू नये, हा त्याचा दुसरा हट्ट. काळाचौकीच्या एका मंडळाने त्याच्याकडून आरत्यांचं ॲप करून घेतलं. अक्षरं अशी ठसठशीत, की मागच्या रांगेतल्या आजोबांनाही टाळ्या वाजवता वाजवता वाचता यावीत. मंडळाला दोन आरत्यांच्या मधे वर्गणीदारांची नावं हवी होती. फादरने ती सगळी शेवटच्या पानावर नेऊन ठेवली. कार्यकर्ते तणतणले, मग त्यांनाच सवय झाली. मी त्याला सुचवलं होतं, की जाहिरात नको तर नको, निदान लोकांना चार तारे द्यायला तरी सांग, ॲपचं नाव होईल. तो म्हणाला, "म्हणजे बाई डोळे मिटून माळ म्हणतेय, आणि मी मधेच तिला विचारू, बाय, मी कसा वाटलो?"

मग त्याच्या भावाच्या मुलांनी खोली विकायची ठरवली. फादरने मला हे चहा पिता पिता सांगितलं, पाऊण कप झाल्यावर. म्हणजे तो गावी जाणार. मी कामाला लागलो. देवाधर्माची ॲप विकत घेणारी एक कंपनी शोधून काढली, तिचा माणूस दुकानाच्या पोटमाळ्यावर बोलावला आणि दुपारभर त्याच्याशी झुंजलो. त्याला दोनदा जिना उतरू दिला, दोनदा परत चढायला लावला. शेवटी भाव असा आला, की फादरला परळमध्ये भाड्याची खोली घेऊन दहा-बारा वर्षं निर्धास्त काढता आली असती. माझ्या आयुष्यात मी इतकी चांगली घासाघीस केलेली नाही.

फादर इतका वेळ खोक्यावर बसून होता. त्याने त्या माणसाला एकच विचारलं, यापुढे सगळ्यात जुना कुठला फोन चालेल. माणूस सरळ होता. म्हणाला, चार-पाच वर्षांपलीकडचे बंद करावे लागतील, त्या लोकांना जाहिरात दाखवून काय उपयोग. फादर उठला आणि चपला शोधू लागला. "मग नको," म्हणाला.

खाली दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर मी त्याच्यावर ओरडलो. नको ते बोललो. फुकट वाटायचा माज आलाय तुला, म्हणालो. शेवटी तर म्हणालो, "तुझ्या त्या म्हाताऱ्या आज ना उद्या मरतील. मग कोण उघडणार आहे हे?"

तो रागावला नाही. "त्यो आसत तवसर तरी चलूक होया, परबा," एवढं म्हणाला आणि गेला.

माझा राग ॲप न विकल्याचा नव्हता. ती घासाघीस मी तो इथून जाऊ नये म्हणून करत होतो. मी ते त्याला सांगितलं नाही. त्याला कळायला हवं होतं, असं माझं म्हणणं.

खोलीचा व्यवहार सहा-सात महिने लांबला. तेवढे महिने मी त्याच्याशी बोललो नाही. तो दुकानावरून जाताना हात वर करायचा, मी कुठल्यातरी उघड्या फोनात डोकं घालायचो. मात्र काउंटरवर वाईट फोन आला की खालच्या खणात बाजूला काढून ठेवायचो. माझा मेहुणा सतीश माझ्याबरोबर दुकान बघतो. त्याने विचारलं, फादर आला तर याचा भाव काय सांगू. मी म्हणालो, मला काय विचारतोस, मी बोलतो का त्याच्याशी.

निघायच्या आदल्या दिवशी भर दुपारी तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला आणि काउंटरवर ठेवला. आत अकरा फोन. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी पट्टी, आणि पट्टीवर कंपनीचं नाही, बाईचं नाव. मार्सेलीन आजी. नताल काकी. लुईझा मावशी. तसलाच फोन वापरणारी खरी बाई. म्हणाला, प्रोग्रॅम मी गावाहून लिहीन, पण तिथून मला या बायकांचे हात दिसायचे नाहीत. अख्ख्या भागातले फोन तुझ्या काउंटरवरून जातात. मी नवीन काही पाठवलं की या अकराही फोनांवर बघ. शेवटपर्यंत.

"मला काय मिळणार?" मी विचारलं. इतक्या महिन्यांनंतरचं माझं पहिलं वाक्य हे.

"काय होया?"

"वर्षातून दोनदा यायचं. उतरायचं माझ्याकडे."

"एकदा."

"दोनदा."

"एकदा मी येईन, वांद्र्याच्या जत्रेला. एकदा तू ये."

मी म्हणालो, त्या बाजूला मी पाऊल टाकत नाही, तुला माहीत आहे. "मग एकदाच," तो म्हणाला आणि हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याशी घासाघीस केली, त्या आनंदात मी हात मिळवून मोकळा झालो.

दोन वर्षं सप्टेंबरात तो आला. जत्रेला जायचा, उरलेला वेळ माझ्या स्टुलावर ओलं बोट घेऊन बसायचा. मार्सेलीन आजी त्यातल्या दुसऱ्या वर्षी गेल्या. त्यांची पट्टी काढू का, विचारलं, तर म्हणाला, फोन चालतोय ना, मग राहू दे. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या भाचीचा फोन आला, मामा वारले म्हणून. मी गेलो. ज्या रस्त्याने जाणार नाही म्हणालो होतो त्याच रस्त्याने, माझ्या गावाचा फाटा मागे टाकून. पण त्याने मागितलेली भेट ती नव्हे. त्या दिवशी 'दोनदा'वर ताणून धरायला हवं होतं, किंवा सरळ येतो म्हणायला हवं होतं. दोन्हीपैकी मी काहीच केलं नाही.

भाचीने त्याचा स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. तडकलेली काच, आत गेलेलं बटण. माझ्याकडून घेतलेला पहिला. इतकी वर्षं हा माणूस तोच वापरत होता. मी त्याच्यावर पट्टी लावली, "फादर" लिहिलं, आणि डब्यात ठेवला.

आता ॲपचं काम भाची बघते. गेल्या महिन्यात तिने नवीन आवृत्ती पाठवली. मी चष्मा काढला, ग्लासात बोट बुडवलं. सतीश म्हणाला, "भावोजी, आता बाप्तिस्मा घ्याच तुम्ही." अकरा फोन नीट चालले. बारावा एकावन्नाव्या मण्यावर अडला तो हलेचना. भाचीला कळवलं. ती म्हणाली, "काका, तो फारच जुना आहे, तेवढा एक सोडून द्या ना." मी तिच्यावर असा ओरडलो, की काउंटरवरचं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं. सगळ्यात वाईट फोन आहे तो, म्हटलं. तोच आधी चालायला हवा.

चार दिवसांनी तिने दुरुस्त करून पाठवलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, घाई न करता. एकावन्न. बावन्न. त्रेपन्न.