बॉडी सकाळी येते

आमच्या धाकट्या भावोजींनी आंब्याच्या आणि मासळीच्या भाड्यासाठी नवा टेम्पो घेतला. आला तो नुसती केबिन आणि मागे उघडा सांगाडा असा. माल भरायचा भाग बांधायला त्यांनी तो सावर्ड्याला हायवेवरच्या एका गॅरेजात टाकला. त्या भागाला चांगला 'हौदा' हा शब्द आहे, पण भावोजींच्या तोंडी बॉडीच. बॉडीचा पत्रा आला, बॉडीला रंग लागला, बॉडी अडकली. घरात दुसरा विषयच नाही.

त्याच सुमारास माझे सासरे छातीत कफ साठला म्हणून रत्नागिरीच्या दवाखान्यात राहून आले. घरी आल्यावर चार दिवसांत ठणठणीत झाले आणि भावोजींबरोबर सावर्ड्याला जायचा हट्ट धरून बसले. तिथे त्यांची बहीण राहते. म्हणाले, "काम माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. गॅरेजवाले पातळ पत्रा मारतात." गेले. माझा नवरा बोटीवर, त्यामुळे घरात मी एकटी.

एका दुपारी मी घरापुढच्या खळ्यात फेण्या वाळत घालत होते. हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. भावोजी नेहमीप्रमाणे ओरडून बोलत होते. "वहिनी, बॉडी मिळाली एकदाची! उद्या सकाळी घेऊन येतो. हारबीर आणून ठेवा."

कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या काकू झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावून घरात गेल्या. मला वाटलं, डास चावला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराला तोरण लावत होते, तोच आळीतल्या बायका एकेक करून येऊन पडवीत बसल्या. कुणी बोलेना. मला भरून आलं. एका टेम्पोसाठी केवढी ही माया!

"या, या," मी म्हटलं. "बरं झालं आलात. चहा टाकते."

"चहा नको गो," काकू खोल आवाजात म्हणाल्या. "कधीपर्यंत येते?"

"नऊपर्यंत येईल. सुटलो बाई एकदाचे. किती दिवस नुसतं आज होईल, उद्या होईल."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"उशीर का लागला?" एकीने विचारलं.

"रंग द्यायचा राहिला होता ना. मामंजींना पिवळाच हवा होता. आणि हो, पेढे घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही हं."

एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत शेजारणीला म्हणाली, "धक्का बसलाय बिचारीला. रडव गो तिला कुणीतरी."

मी विचारात पडले. बाहेर पाहिलं तर दोन गडी कुंपणाला हिरवे बांबू टेकवून उभे. मांडवाचं तर कुणी बोललं नव्हतं. इतक्यात ग्रामपंचायतीचे एक मेंबर कडक इस्त्रीच्या कपड्यात, शाल-श्रीफळ घेऊन हसत हसत आत आले. नुकत्याच निवडणुका झाल्या होत्या. गावात कुणीतरी "बॉडी येणार" म्हणालं, म्हणजे निवडून आलेली नवी बॉडी, कमिटी, आमच्या आळीत पाहणीला येणार असं धरून ते सगळ्यांच्या आधी सत्काराला हजर, हे मला मागाहून कळलं! सगळ्या बायका त्यांच्या शालीकडे अशा बघायला लागल्या, की ते हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून कोपऱ्यात सरकले.

आणि मग शेजारचे काका आले. खांद्यावर पंचा, डोळे लाल. गडग्यावरच्या फणसावरून त्यांचं आणि मामंजींचं कित्येक वर्षांचं वैर. समोरासमोर आले तर एक जण बाजूच्या पाणंदीत शिरायचा. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि फुटलेच.

"भांडलो, पण माणूस राजा होता हो. मन मोठं. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं. तो फणस त्यांचाच. मीच हट्टाला पेटलो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. देह, कुडी, मढं, मयत असे एवढे शब्द घरात असताना गावाने नेमका टेम्पोचा शब्द उचलला होता! खरं तर मी तिथेच सांगायला हवं होतं. पण काका इतकं सुंदर बोलत होते. मी पदर डोळ्यांना लावला, कारण हसू आवरत नव्हतं, आणि म्हटलं, "आणखी काय काय आठवतंय, काका?"

काका आणखी बोलले. लहानपणी मामंजींनी त्यांना विहिरीतून काढलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. झेंडूच्या माळा घातलेला पिवळाधमक टेम्पो खळ्यात येऊन थांबला आणि पुढच्या सीटवरून, काठी टेकत, मामंजी उतरले.

कुणीतरी किंचाळलं. म्हातारीने रामाचं नाव घेतलं. मामंजींनी बांबू पाहिले, पंचा पाहिला, रडके चेहरे पाहिले आणि माझ्याकडे वळले.

"सूनबाई, कोण गेलं?"

"तुम्ही, मामंजी."

त्यांनी मान डोलावली. शांतपणे पडवीतल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बरं. मग काय काय बोललात, ते परत सांगा बघू. मी उशिरा आलो."

पडवी हसून कोसळली. भावोजी बिचारे हारात अडकल्यासारखे उभे. मेंबरांनी प्रसंग ओळखून शाल मामंजींच्या खांद्यावर टाकली आणि नारळ टेम्पोपुढे वाढवला. फक्त काका पंचा चुरगळत पायरीवर बसून होते.

मी मामंजींना सगळं शब्दन् शब्द सांगितलं. फणसापाशी येताच काका ताडकन उठले.

"ते मयताच्या घरी बोललेलं! जित्या माणसाला लागू नाही!"

"बोललास ना?"

"बोललो. पण फणस माझा."

"विहिरीचं पण बोललास?"

काका पंच्याने तोंड पुसू लागले. मामंजींनी पेढ्यांचा पुडा उघडून त्यांच्यापुढे धरला. काकांनी जरा वेळ लावला, पण एक पेढा घेतला.

फणसाचा वाद अजून मिटलेला नाही. फक्त आता दोघे पाणंदीत न शिरता, रोज संध्याकाळी आमच्या पडवीत बसून, माझ्या हातचा चहा पीत भांडतात.