खिडकीकडे झुकणारा बास

चाळिशी उलटल्यावर मी डबल बास शिकायला घेतला आणि सुरुवातीला बसूनच वाजवला. माणसापेक्षा उंच, लिफ्टमध्ये तिरकं घालावं लागणारं ते वाद्य लोणावळ्यातल्या एका हॉटेलानं आपला बँड बंद केल्यावर विकायला काढलं होतं. तळेगावच्या आमच्या सोसायटीत कुणी विचारलंच, तर मी "मोठं व्हायोलिन समजा" असं सांगून मोकळी व्हायची. नोकरी आंबीच्या बाजूला, कारखान्याच्या क्वालिटी विभागात. दिवसभर उभं राहून पार्ट तपासायचे आणि घरी येऊन पुन्हा उभं राहायचं, हे माझ्या कमरेला मान्य नव्हतं. म्हणून एक उंच स्टूल आणलं होतं.

मला शिकवणाऱ्या सरांना स्टूल चालायचं नाही. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये त्यांचं आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी लोणावळ्याच्या जरा बाहेर, डोंगराच्या उतारावर बंगला घेतला. मी शिकायला लागले तेव्हा त्यांची पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती आणि ते एकटेच राहत होते. गुडघ्यांमुळे त्यांना स्वतःला उभं राहून वाजवणं जमत नव्हतं. वेताच्या खुर्चीत बसून ते शिकवायचे आणि मी त्यांच्या जुन्या बासवर वाजवायची.

"बास पकडायचा नसतो," ते म्हणायचे. "त्याला उभा करायचा, आणि आपण त्याच्याजवळ उभं राहायचं. हात सोड. सोड म्हणतो ना! पडला तर तुझ्याच अंगावर पडेल."

पहिल्यांदा हात सोडताना मी डोळे मिटले होते. बासच्या तळाला एक लोखंडी दांडा असतो, तोच त्याचा एकुलता एक पाय. तो आपल्या उंचीप्रमाणे बाहेर काढायचा. पावलं खांद्यांइतकी लांब, डावं किंचित पुढे, गुडघे सैल. वाद्याची मागची कड पोट आणि डाव्या कमरेच्या मधल्या खळग्यात टेकवायची. हे जमलं की एवढं मोठं धूड मांजरासारखं अंगाला रेलून राहतं. डाव्या हाताच्या अंगठ्यावर काही भार येत नाही आणि बोटं मोकळी होतात.

हे कळायला मला बरेच महिने लागले. आणि कळलं ते घरी, माझ्या स्वतःच्या बासवर, एका संध्याकाळी. मी कितीतरी वेळ वाजवत होते आणि कंबर दुखत नव्हती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्या मला ऐकूच आल्या नाहीत.

रविवारी आनंदानं सरांकडे गेले, आणि तिथं सगळं बिघडलं. बास अंगाला रेलेना. तो माझ्यापासून दूर, समोरच्या खिडकीच्या दिशेनं निघायचा. त्याला थोपवायला अंगठा आवळावा लागायचा आणि थोड्याच वेळात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची.

"कंबर चोरतेस तू," सर म्हणाले.

मला ते पटलं. वाद्य वेगळं, म्हणून असेल, असंही वाटलं. पुढच्या रविवारी गाडीची पुढची सीट पाडून मी माझाच बास घेऊन गेले. तोही खिडकीकडे निघाला. मग का कोण जाणे, मी पाठमोरी झाले. आता खिडकी माझ्या मागे होती. आणि तोच बास माझ्या अंगावर असा दाबून आला, की मला एक पाऊल मागे सरकावं लागलं.

मी कशीही उभी राहिले, तरी त्याला खिडकीकडेच जायचं होतं.

त्या खिडकीखाली एक उंच दगडी भिंत होती, उतारावर टाकलेल्या भरावाला अडवून धरणारी. सरांच्या हॉलचा तेवढा भाग त्या भरावावर उभा होता. भिंतीच्या पायथ्याशी एका शेतकरी कुटुंबाचं घर आणि गोठा. बंगल्याच्या वरच्या अंगाला त्या वर्षी नवीन व्हिला बांधायला डोंगर कापणं चाललं होतं. पोकलेनचा आवाज आमच्या तालमीत इतका मिसळून गेला होता, की तो थांबला तरच लक्ष जायचं.

कारखान्यातून मी सपाटी तपासायची एक छोटी स्पिरिट लेव्हल आणली आणि हॉलच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध न थांबता खिडकीच्या उलट्या बाजूला सरकला.

"घर जुनं आहे," सर म्हणाले. "फरशी वाकडी असणारच."

काही आठवड्यांनी मी ती त्याच फरशीवर पुन्हा ठेवली. बुडबुडा आणखी सरकला होता. सरांनी ते पाहिलं, आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले.

"तू बास शिकायला येतेस की माझं घर तपासायला?"

मी लेव्हल पर्समध्ये टाकली. त्या हॉलमध्ये त्यांच्या पत्नीचा फोटो होता, तिची शिलाई मशीन होती. एकटा म्हातारा माणूस अशी जागा सोडून कुठं जाणार, हे मलाही कळत होतं. वर साइटवर जाऊन मी तिथल्या सुपरवायझरशी बोलून पाहिलं. त्यानं मला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "मॅडम, आमचं काम तुमच्यापासून लांब आहे."

घरी जाताना भिंतीखालच्या घरातल्या मावशींकडे डोकवायची माझी सवय होती. कधी दूध घ्यायचे, कधी नुसतीच ओट्यावर टेकायचे. जुलैअखेरीला गेले, तेव्हा त्या अंगण झाडत होत्या. त्यांनी खराट्यानंच भिंत दाखवली.

"औंदा ह्या भिताडाच्या भोकांतनं पानीच येत न्हाई बगा, ताई. दरसाल लय चिकूल व्हायचा. औंदा अंगन कसं कोरडं हाय. बरंच झालं की."

"हो ना," मी म्हणाले. वरती दिवसरात्र पाऊस कोसळत असताना ते पाणी गेलं कुठं, हा प्रश्न तेव्हा आम्हा दोघींना पडला नाही. घरी पोचल्यावर मात्र जेवताना घास हातातच राहिला. पाणी भिंतीमागे भरावातच तुंबत असणार, हे सांगायला मी सरांना फोन केला. त्यांनी "रविवारी बोलू" म्हणून तो ठेवला.

त्या रविवारी सकाळी धुकं इतकं होतं, की कार्ल्यापासून पुढं गाडी हेडलाइट लावून हळूहळू आणावी लागली. हॉलचं बाहेरचं दार उघडेना. चौकटीत घट्ट बसलं होतं. सर आतून म्हणाले, "कालपासून फुगलंय. स्वयंपाकघराकडनं ये."

मी त्यांना फोनवरचंच पुन्हा सांगितलं. "आधी वाजव," ते म्हणाले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. मला वाटतं, त्यांनाही कळलं होतं, आणि म्हणूनच त्यांना माझ्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं.

मी सरांचा बास उभा केला. अंगठा आवळला. सगळ्यात जाड तार, बोट न दाबता, व्हायोलिनसारखा गज लांब ओढत वाजवली आणि गज उचलला. आवाज विरला, पण कमरेला टेकलेलं लाकूड थरथरतच राहिलं. मी तारांवर तळहात दाबला. तारा गप्प होत्या. थरथर दांड्यातून, खालून येत होती. थांबली, आणि परत सुरू झाली. वर पोकलेन बंद होता. रविवार होता.

मी बास आडवा ठेवला.

"मधेच थांबायचं नसतं," सर म्हणाले.

"सर, उठा. बाहेर चला."

"मी कुठंही—"

"तुम्ही उठताय की मी खुर्चीसकट ओढू?"

मी त्यांच्याशी असं कधीच बोलले नव्हते. ते काठी टेकत उठले. रागानं माझा हात त्यांनी झिडकारला. स्वयंपाकघरातून त्यांना बाहेर काढलं, गाडीत बसवलं, गाडी लांब रस्त्यावर नेऊन लावली आणि मी पायवाटेनं खाली धावले.

मावशी गोठ्यात धार काढत होत्या. सून भाकरी थापत होती. घरातले पुरुष दूध घालायला लोणावळ्यात गेले होते.

"मावशी, बाहेर या! भिंत येतेय!"

"कंची भिंत?" म्हणत त्यांनी गोठ्याबाहेर येऊन वर पाहिलं. मीही पाहिलं. भिंत मध्यभागी फुगली होती आणि दगडांच्या फटींतून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या.

"ए पोरी, गॅस बंद कर, भायेर निग!" त्या सुनेवर ओरडल्या आणि स्वतः मात्र गोठ्याकडे वळल्या. मी दंड धरला, तर हिसडा देऊन म्हणाल्या, "दावी सोडते, मंग येते." एक म्हैस सुटली, दुसरी सुटली. तिसरी गाभण होती, ती बसलेली उठेना. मावशींनी तिची शेपटी पिळली, पाठीत लाथ घातली, शेवटी तिच्या गळ्याला मिठी घातली. सुनेनं आणि मी त्यांना ओढत बाजूच्या भातखाचराच्या बांधावर आणलं.

आवाज आधी फार मोठा नव्हता. खडीचा ट्रक रिकामा करावा तसा. मग भिंत खालून सुटली आणि तिच्यामागून अर्धा हॉल, खिडकी, पडदे, सगळं खाली आलं. गोठा दिसेनासा झाला. चिखल घराच्या पडवीपर्यंत येऊन थांबला. मावशी बांधावर बसल्या आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

वर गेले, तेव्हा सर गाडीत तसेच होते, रस्त्याकडे तोंड करून. "बास?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी गाडीची काच वर केली.

आता ते पुण्यात भाचीकडे असतात. मी महिन्यातून एकदा जाते. ते चहा घेतात, क्रिकेट बघतात, पण बासचा विषय काढत नाहीत आणि काढूही देत नाहीत. घरी मी उभ्यानंच वाजवते. कंबर दुखत नाही. पण हायवेवरून जड कंटेनर गेला की त्याची थरथर दांड्यातून वर येते आणि माझा गज थांबतो. फरशीकडे बघत उभी राहते. मग पुढचं नीट वाजत नाही.

दिवाळीनंतर मावशींकडे गेले. राडारोडा उपसून नवा गोठा बांधला होता, पत्र्याचा, होता त्याच जागी. वर पोकलेन परत सुरू झाला होता.

"दुसरीकडे नाही का जाता येणार?" मी विचारलं.

"आंबीला भाऊ हाय की माजा. ये म्हंतोय. पन म्हशी कुटं बांदू, ताई? तितं समदी कंपन्यांची कंपौंडं." त्यांनी चहाचा कप पुढं केला. "बसा. दूध ताजं हाय."

मी बसले. वरून बारीक माती पत्र्यावर पडत होती, थांबत होती, पडत होती. मावशी मोठ्यानं बोलत राहिल्या.