सुरी न लावलेला केक

ईरा आणि नचिकेत,

हे मी तुम्हा दोघांना मिळून एकच लिहिते आहे. वेगवेगळं लिहिलं असतं तर तुम्ही ते आपापल्या घरी नेलं असतं, आणि घरं आधीच दोन झाली आहेत. मराठीत लिहिते, कारण जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे त्या भाषेत मी फार नीटनेटकी होते, आणि आज मला नीटनेटकं राहून चालणार नाही. नचिकेत, तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे. फोनला वाचून दाखवायला सांगू नकोस.

आताच का, तेही सांगते. मागच्या रविवारी मी तुम्हा दोघांना व्हिडिओ कॉलवर एकत्र आणलं. लीड्समध्ये ईरा, ओहायोत नचिकेत आणि मधे नळदुर्गला मी. वाढदिवस जवळ आला म्हणून सहज विचारलं, यंदा काय करणार? ईरा म्हणाली, केक. नचिकेत म्हणाला, पाय. चालायचा नव्हे, पिठाच्या पारीत फळं भरून ओव्हनमध्ये भाजतात तो. मी हसले. जुळ्यांचं हे भांडण मला जुनं होतं.

"केक म्हणजे स्पंज," नचिकेत म्हणाला. "वरून लोणी थापलं की झाला."

"आणि पाय म्हणजे ओला पुठ्ठा. आज्जी, तू सांग. कोण बरोबर?"

मी म्हणाले, अरे, दोन्ही चांगलं. तेवढ्यात नचिकेत बोलला, "तुझ्या आईला पाय कधी जमलाच नाही." ईरा लगेच म्हणाली, "तुझ्या बाबांना घर जमलं नाही." त्याची चौकट काळी झाली. मग तिचीही. माझाच चेहरा तेवढा पडद्यावर राहिला.

तुझी आई, तुझे बाबा. एका पोटातून आलेली माणसं असं बोलत नाहीत रे. त्या दिवसापासून दोघांना वेगवेगळे फोन केले. दोघंही माझ्याशी गोड बोलता, आणि दुसऱ्याचं नाव काढलं की तुम्हाला काम आठवतं. तुमचे आईबाबा एकमेकांशी वकिलामार्फत बोलतात, ते मी पचवलं. हे मला पचत नाही.

तुम्ही होणार म्हणून मी नळदुर्ग सोडून ओहायोला गेले. तुमचे आजोबा नुकतेच गेले होते. हैदराबादच्या विमानतळाकडं जाणारी गाडी हायवेला ढाब्यासमोर उभी होती, ट्रकच्या रांगेत, आणि सुटकेसमध्ये साड्यांपेक्षा जड पुरणयंत्र होतं. शेजारच्या महानंदाक्का निरोप द्यायला आल्या. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "अक्का, तिकडं वारूळ असतंय का? पंचमीला पुजायला कुठं जाणार तुम्ही?" मी एम. ए. झालेली बाई, मला त्या प्रश्नाचं हसू आलं. गाडी अणदूरच्या पुढं गेल्यावर मात्र मी खिडकीतून बांधावरची वारुळं मोजत बसले.

तिकडं वारूळ नव्हतं. ड्राइव्हवेच्या कडेला मुंग्यांची एक चिमूटभर ढेकळी होती. तुम्ही चालायला लागल्यावर मी तिलाच हळदकुंकू वाहिलं. नचिकेत, तू त्यावर सिपी कपातलं दूध ओतलंस आणि मुंग्या वाहून गेल्या म्हणून रडलास. मी तिथं बरंच शिकले. स्नो बूट घालायला, डिशवॉशर लावायला, लायब्ररीत तुमच्यासाठी स्टोरी टाइमला बसायला. ओव्हनही शिकले. बेंबळीच्या आमच्या माहेरच्या चुलीत जाळ दिसायचा, डोळ्यांना अंदाज यायचा. ओव्हनमध्ये काच लावून सगळं दूर ठेवलेलं. तुमची आई केक करायची, बाबा पाय करायचे. त्या ओव्हनवरून दोघं लटकं भांडायचे तेव्हा मला बरं वाटायचं. भांडणाचा सूर कधी बदलला ते मला कळलं नाही. घरातच होते, तरी कळलं नाही.

ईराला न्याय हवा होता ना? मग आता उत्तर देते. केक त्या दिवसाचा असतो. त्याच्यावर नाव लिहितात, मेणबत्त्या लावतात, फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवशी तो फ्रिजमध्ये कोरडा पडतो. पाय दिसायला गरीब. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही, आपल्या पुरणपोळीसारखं, आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. चवीचं म्हणाल तर मला पीचचा पाय आवडतो. ईरा, रागावू नकोस, चॉकलेट केक मी तुझ्यासाठी खात होते. पण दोन्हींत एक वाईट खोड आहे. सुरी लावल्याशिवाय ते कुणाच्या ताटात येत नाहीत.

तुमचा आठवा वाढदिवस नेमका नागपंचमीला आला होता. टेबलावर केक होता आणि पायही होता, कारण कुणीच माघार घेतली नव्हती. तुमच्या आईनं सुरी उचलली आणि मी तिचा हात धरला. पंचमीला आपल्याकडं काही चिरत नाहीत, कापत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत. भाजीसुद्धा विळीवर जात नाही. म्हणून तर त्या दिवशी दिंडं करतात. लाटलेल्या कच्च्या पोळीत पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी घडी घालायची आणि चाळणीवर वाफवायचं. ज्याचं त्याला अख्खं मिळतं, वाटणी करावी लागत नाही.

"आई, अगं केकला काय कळतंय पंचमी आहे का षष्ठी?" तुमची आई वैतागली.

बाबांनी विचारलं, "आई, मग तुम्हीच सांगा, खायचा कसा?"

"हातानं. देवानं हात कशाला दिलेत?"

मग बाबांनीच बाही वर केली आणि केकमध्ये पाच बोटं घातली. तुम्ही दोघं किंचाळलात. पुढं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल, नसेल तर मी सांगते. एका बाजूनं ईरा पायमध्ये हात घालत होती, दुसरीकडून नचिकेत केकमध्ये. आईच्या चष्म्याला क्रीम लागलं होतं आणि बाबा ते बोटानं पुसून खात होते. कुणाचा भाग कुठला, हे शेवटी कुणालाच सांगता आलं नसतं. टेबल पुसताना मी मनात म्हटलं, हे लग्न टिकेल. माझा अंदाज चुकला. चौघांनी एका ताटात खाल्लेलं ते शेवटचंच.

पुढच्या वर्षी घर विकलं. एक मूल आईबरोबर लीड्सला, एक बाबांबरोबर ओहायोत, अशी वाटणी झाली. माझी खोली कुणाच्या घरात, हे कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुरणयंत्र घेऊन परत आले. हायवे रुंद झाला होता, महानंदाक्का गेल्या होत्या. गावातले लोक म्हणतात, बाई अमेरिकेहून आल्या. मला मात्र मी कुठूनही आल्यासारखं वाटत नाही. मधेच कुठं तरी उतरल्यासारखं वाटतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, बहिणी भावासाठी उपास करतात. माझा भाऊ आबा लहानपणी माझ्या वेण्या ओढायचा, माझी पेन्सिल चोरायचा. एकदा मी आईला म्हटलं, याच्यासाठी मी उपाशी राहणार नाही. आई पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ गुणाचा असला तरच उपास करायचा, असं कुठं सांगितलंय? भाऊ हाय ना, मग बास." बेंबळीच्या आमच्या घरी दुसऱ्या दिवशी उपास सोडताना दिंडाचा पहिला घास भावानं द्यायचा. आबा द्यायचा, वेणी ओढून द्यायचा, पण द्यायचा.

ईरा, ही गोष्ट ऐकून तू पहिलीत असताना हट्टानं उपास केलास. दुपारपर्यंत तुझं तोंड सुकलं. नचिकेतनं खिशात खारी बिस्किटं, ते क्रॅकर्स, लपवून आणले. "कुणी बघत नाही, खा," म्हणाला. तू मान हलवलीस. मग त्यानंही आपलं ताट सरकवलं आणि म्हणाला, "मलाही भूक नाही." ते क्रॅकर्स मला कपडे धुताना त्याच्या खिशात सापडले, चुरा झालेले.

आज पंचमी. सकाळी दिंडं केली. माझी बोटं आता आखडलीत, घडी बसत नाही, पुरण बाहेर येतं. पुढच्या वर्षी जमेल असं वाटत नाही. दिंडाचं काही नाही, बाजारात मिळतील. पण माझ्यामागं तुम्हा दोघांना एका पडद्यावर आणणारं कुणी नाही. आईबाबा आणणार नाहीत. तुम्ही आपणहून येणार नाही. हे मला सकाळी चाळणीवरची वाफ बघताना इतकं स्वच्छ दिसलं की मी गॅस बंद करून खाली बसले.

मग तुमच्या आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "आई, ईराचं काय करू गं? काल दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. विचारलं तर म्हणते, भूक नाही. डाएटचं नवं खूळ असणार."

मी तिला डाएटच समजू दिलं. तुमच्या आईला तिथी लक्षात राहत नाहीत. मला राहतात. ईरालाही राहतात, हे मला आज कळलं.

ईरा, मी हे उघड केलं म्हणून तू रागावशील. रागाव. माझ्याशी बोलणं टाक हवं तर. पण मी गप्प बसले असते तर तुझा उपास तसाच वाया गेला असता.

नचिकेत, घास द्यायला तू तिथं नाहीस. फोन तरी कर. केकचं आणि पायचं काही काढू नकोस. जेवलीस का, एवढंच विचार. तू करशील की नाही, मला माहीत नाही. मी इथं बसून काहीच करू शकत नाही, ते सगळ्यात कठीण आहे.

घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर पूर्वी मी बेंबळी म्हटलं असतं, मग नळदुर्ग, मग ओहायोतलं ते टेबल. आता यातलं काही म्हणता येत नाही. बेंबळीला आबा नाही, ओहायोच्या घरात दुसरी माणसं राहतात, आणि इथं माझ्यासमोर दोन दिंडं झाकून ठेवली आहेत, ती गार झाली.

काल चतुर्थी होती आणि ईरा भावासाठी जेवली नाही. एवढं अजून शिल्लक आहे.

तुमची,
आज्जी