‘अगं’ची गोष्ट

बावीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. त्यांचं सगळं ‘अगं’वर भागायचं आणि माझं ‘अहो’वर. मागच्या वर्षी एका शनिवारी दुपारी हे ओझरहून, कामावरून घरी आले, बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि मला म्हणाले, “अहो, जरा पाणी देता का?”

मला वाटलं, चेष्टा करतायत. मीही “आणते हं साहेब” म्हणत पाणी आणून दिलं. हे हसले नाहीत. पेला रिकामा करून “थँक्यू” म्हणाले आणि पेपर उघडला.

मग ते तसंच सुरू राहिलं. “तुम्ही जेवून घ्या.” “तुमचा फोन वाजतोय.” स्वयंपाकघरातून ऐकताना वाटायचं, बाहेर दुसरंच कोणीतरी बसलंय आणि ह्यांचा आवाज काढतंय. बाहेर येऊन बघावं तर हेच असायचे. एसटीत अनोळखी बाईसाठी सरकावं तसे सोफ्यावर थोडे सरकायचे.

मी मुळात गप्प बसणारी नाही. भांडणात मी कधी हरले नाही आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. त्याआधीचं वर्षभर ह्यांनी भांडणंच सोडून दिली होती. “सुधारले एकदाचे,” असं मी बहिणीला फोनवर ऐटीत सांगितलं होतं. भांडायलाही समोरचं माणूस आपलं वाटावं लागतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

शेवटी ठरवलं, ह्यांना चिडवायचंच. एकदा ओरडले की तोंडातून ‘अगं’ निघेल. माझं माहेर पुण्याचं, आणि लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण मिसळीच्या रश्शात मी गूळ घातला म्हणून झालं होतं. नाशिकच्या माणसाला गोड रस्सा वाढलास, असं म्हणून सासरी दोन दिवस माझा उद्धार चालला होता. त्या रविवारी मी रश्शात चांगला लिंबाएवढा गूळ टाकला आणि समोर बसून राहिले.

ह्यांनी पहिला घास घेतला. हे शांतपणे सगळी मिसळ संपवून म्हणाले, “छान झालीये. तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात.”

“माझं काय चुकलं ते तरी सांगा,” मी म्हटलं.

“तुमचं काही नाही चुकलं हो,” हे म्हणाले, आणि स्वतःची प्लेट धुऊन ठेवली. मी नळ सोडून पोटभर रडले. मला फार भीती वाटली होती.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत असताना शेजारच्या काकूंनी विचारलं, “पाहुणे आलेत का तुमच्याकडे? रोज बोलणं ऐकू येतं. फार अदबीने बोलतात.”

मी हो म्हणाले.

“किती दिवस आहेत?”

“ठरलं नाही अजून,” मी म्हटलं, आणि ह्यांचा शर्ट झटकून दोरीवर टाकला.